बिनघोड्याचं पिस्तूल

नव्वदीच्या मधल्या वर्षांत, थंडीच्या दिवसांत, आमच्या शस्त्रागारात दोन परदेशी पिस्तुलं तपासणीसाठी आली. काळ्या प्लॅस्टिकच्या डब्यांत, स्पंजात बसवलेली. डबे उघडले तेव्हा टेबलाभोवती आम्ही तिघं होतो. इन्स्पेक्टर साहेब, उस्ताद आणि मी. साहेबांनी एक पिस्तूल उचललं, हातावर तोललं आणि म्हणाले, "खेळणं वाटतंय." उस्तादांनी दुसरं घेतलं, मागून पुढून चाचपलं आणि म्हणाले, "साहेब, ह्याला घोडाच न्हाय."

घोडा म्हणजे पिस्तुलाच्या पाठीवर दिसणारा तो लोखंडी तुकडा, जो मागे ओढला की कट् करून बसतो आणि चाप दाबला की पुढे आपटतो. आमच्याकडच्या सगळ्या पिस्तुलांना, रिव्हॉल्व्हरांना तो होता. तो मागे असला की हत्यार तयार आहे हे लांबूनही समजायचं. ह्या नव्या पिस्तुलाची पाठ मात्र सपाट, गुळगुळीत होती. घोड्याचं काम करणारी पिन आत, स्लाइडच्या म्हणजे वरच्या सरकत्या भागाच्या पोटात, स्प्रिंगवर ताणून बसलेली. बाहेरून काही दिसायचं नाही. सेफ्टीची खिट्टीसुद्धा नव्हती. चापाच्या मधोमध एक बारीक पट्टी होती, ती बोटाखाली नीट दाबली गेली तरच चाप मागे यायचा. आणि मूठ चक्क प्लॅस्टिकची.

वरून आदेश होता की पंधरा दिवस हे वापरून बघा आणि अहवाल पाठवा. साहेब म्हणाले, "उस्ताद, शेवटचा शब्द तुमचा. मी सोबत आहेच." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "अहवाल तुम्ही लिहायचा. आणि फायरिंगही करायचं. लहान हाताच्या माणसाला हे झेपतं का, तेही बघायला सांगितलंय."

मी तेव्हा सव्वीस वर्षांची, शिपाई. नेरूळजवळच्या खाडीकाठच्या गावातली. आमची भातशेती आणि मिठागरातला वाटा शहर वसवायला गेला, आणि आमच्या पिढीला नोकऱ्या शोधाव्या लागल्या. मी पोलिसात भरती झाले. शस्त्रागाराला आमच्यात कोत म्हणतात. कोतात बाई नेमायची पद्धत नव्हती. मला तिथे आणलं ते उस्तादांनी.

उस्ताद साताऱ्याकडचे, हवालदार. पंचवीसेक वर्षं हत्यारांतच गेलेली. सगळं खातं त्यांना उस्ताद म्हणायचं, साहेबसुद्धा. भरतीनंतरच्या माझ्या पहिल्या चांदमारीत पाचांपैकी एकही गोळी कागदाला लागली नव्हती. मागे उभे असलेले हसले. उस्ताद त्यांना म्हणाले, "हसू नका. पोरगी आवाजाला भिती, गोळीला न्हाय. आवाजाची सवय लागती." मग महिनाभर रोज दुपारी त्यांनी मला रिकामं रिव्हॉल्व्हर हातात देऊन, नळीवर काडतुसाची एक रिकामी पुंगळी उभी करून चाप दाबायला लावला. पुंगळी पडता कामा नये. पहिले आठ दिवस ती पडतच राहिली. तेच वाकून उचलून परत ठेवायचे. एकदाही ओरडले नाहीत. पुढे खात्याच्या स्पर्धेत मला पदक मिळालं तेव्हा त्यांनी माझी बदली कोतात मागून घेतली. "अक्षर चांगलंय हिचं," एवढंच कारण साहेबांना सांगितलं.

तपासणीचा पहिला दिवस खोलून जोडण्यात गेला. उस्तादांनी पत्रक मला वाचायला लावलं. इंग्रजी होतं, मी वाचून मराठीत सांगत होते आणि त्यांची बोटं चालत होती. तासाभरात त्यांना सगळे भाग कळले. जुन्या पिस्तुलाच्या मानाने भाग फारच कमी होते. ते बघून ते खूश झाले होते. पण एका ठिकाणी त्यांचा हात थांबला.

"परत वाच."

मी वाचलं. स्लाइड काढण्याआधी चाप दाबून आतली पिन सोडवावी लागते.

"म्हंजे साफ करायला बसलं की पयला चाप दाबायचा?"

"असंच लिहिलंय, उस्ताद."

ते उठून साहेबांच्या टेबलाकडे गेले. "साहेब, हे ध्यानात घ्या. शिपाई बारा तासांची ड्यूटी करून येतो. दमलेला असतो. मॅगझीन काढतो आन हत्यार रिकामं झालं असं समजतो. नळीत एक राउंड ऱ्हायलेला इसरतो. आन हे म्हणतंय, आधी चाप दाब, मग मी उघडतो."

"म्हणजे नापास?" साहेबांनी विचारलं.

"न्हाय, न्हाय. हत्यार वाईट न्हाय. नियम करायचा. उघडायच्या आधी दोघांनी बघायचं. एकानं डोळ्यानं बघायचं, दुसऱ्यानं नळीच्या मागच्या तोंडात बोट घालून. मगच चाप."

मी ते त्यांच्या शब्दांत लिहून घेतलं.

पुढचे दिवस मला अजून आवडीने आठवतात. कोतातली सकाळ कशी असते हे बाहेरच्या माणसाला सांगता येत नाही. तेलाचा वास, फडक्यांचा वास, जाळीच्या खिडकीतून येणारं ऊन. आम्ही चापाचं वजन मोजलं, मासळीवाल्या बायका वापरतात तसला स्प्रिंगचा काटा अडकवून. जुन्या रिव्हॉल्व्हरचा चाप लांब आणि जड, माझं बोट शेवटी थरथरायचं. ह्या नव्याचा प्रत्येक वेळी सारखा. पहिल्या गोळीला तितकाच, दहाव्या गोळीला तितकाच. मूठ माझ्या हातात अशी बसली की जणू माप घेऊन केली होती. मग आम्ही नळीत दारू आणि गोळी नसलेली, फक्त टोपी, म्हणजे बुडाशी ठिणगी पाडणारा भाग, असलेली पुंगळी भरून ते खांद्याइतक्या उंचीवरून सिमेंटवर टाकलं. पाठीवर, तोंडावर, कुशीवर. टोपी एकदाही फुटली नाही. प्रत्येक वेळी उस्ताद वाकून ते उचलायचे आणि लेकराला झाडावं तसं हाताने पुसायचे.

चिखलाच्या परीक्षेसाठी खाडीचा चिखल मी आणते म्हणाले. आमच्या गावामागेच खाडी. ओहोटीच्या वेळी बादली घेऊन निघाले तर बाबा पाठोपाठ आले.

"पोलिसात ऱ्हाऊन चिखल नेतंस गो?" बाबांनी विचारलं. "आमी जलमभर तेच्यात व्हतो, आमाला कोनी पगार नाय दिला."

"पिस्तूल बुडवायचंय, बाबा."

"मंग हा नको नेऊ, हा वरचा हाय, पातल हाय." ते गुडघाभर आत गेले आणि खालचा काळा, चिकट चिखल भरून दिला. पुष्कळ दिवसांनी त्यांना खाडीत उतरलेलं पाहिलं.

त्या चिखलात आम्ही नवं पिस्तूल आणि आमचं जुनं नऊ एमएमचं, दोन्ही बुडवून ठेवली. बाहेर काढून झटकली, नळ्या तेवढ्या साफ केल्या आणि चालवली. जुनं दुसऱ्या गोळीला अडकलं. नवं सगळी मॅगझीन संपेपर्यंत चाललं. उस्तादांनी त्याच्या पाठीवरचा चिखल अंगठ्याने पुसला. मग म्हणाले, "लोखंड न्हाय, घोडा न्हाय, पर गुणाचं हाय." त्या दिवसापासून ते त्या पिस्तुलाला 'गुणाचं'च म्हणायला लागले.

मग अचूकतेची परीक्षा आली.

डोंगराच्या पायथ्याशी आमची चांदमारीची जागा होती. तिघांनी पंधरा मीटरवरून आणि पंचवीस मीटरवरून प्रत्येकी पन्नास गोळ्या मारायच्या होत्या. माझ्या टार्गेटवर गोळ्या मध्यभागी आल्या, पाच-सहा इकडेतिकडे. साहेबांच्या जरा पसरलेल्या, पण ठीक. उस्तादांचं टार्गेट मात्र वेगळंच होतं. पंधरा मीटरवरच्या उजवीकडे खाली विखुरलेल्या होत्या. पंचवीस मीटरवरच्या निम्म्या कागदाबाहेर.

उस्ताद टार्गेटजवळ आले. कागदावरून हात फिरवला, भोकं बोटांनी शोधली. "साइट जुळलेली न्हाय ह्याची," ते म्हणाले.

त्याच पिस्तुलाने, त्याच जागेवरून मी त्यांच्या आधी गोळ्या झाडल्या होत्या.

इथे मला जे सांगायचं आहे ते सांगणं सोपं नाही. मला त्या दिवशी धक्का बसला नव्हता. मला वर्षभरापासून शंका होती. रोजची हत्यारांची नोंदवही ते माझ्याकडून वाचून घ्यायला लागले होते, "तुझा आवाज चांगलाय" म्हणून. कोतातल्या प्रत्येक हत्याराचा नंबर त्यांना तोंडपाठ होता, त्यामुळे शिपायाने रिव्हॉल्व्हर जमा केलं की ते हातात घेऊन नंबर म्हणायचे, आणि समोरच्याला वाटायचं की वाचला. किल्ल्यांचा जुडगा खिळ्याला लावताना त्यांचा हात भिंतीवर दोनदा चुकायचा. एकदा त्यांनी तेल बाटलीच्या तोंडाबाहेर ओतलं आणि मी गुपचूप फडक्याने टेबल पुसलं. त्यांना कळलं की मी पुसलं. मला कळलं की त्यांना कळलं. कोणी काही बोललं नाही. मला तो आदर वाटायचा.

संध्याकाळी साहेबांनी मला बोलावलं. "कच्चा अहवाल लिहा. अचूकता असमाधानकारक. उस्तादांसारख्याचा नेम ह्याने बिघडत असेल तर साध्या शिपायाने काय करायचं?"

"साहेब, माझा नेम बिघडला नाही."

"तुम्हाला ते हातात बसलं. पण मी पंधरा वर्षं उस्तादांचं फायरिंग बघतोय. त्यांचा हात चुकत नाही. पिस्तुलातच खोट आहे."

मी पेन्सिलने लिहायला घेतलं. उस्ताद दारातच उभे होते, किल्ल्या द्यायला आलेले. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मला वाटलं आता ते बोलतील. ते बोलले नाहीत. ज्या पिस्तुलाला आठ दिवस गुणाचं म्हणत होते, त्याच्यावर खोटा शेरा पडत होता आणि ते खाली बघत उभे होते. त्यांना तसं उभं मी कधी पाहिलं नव्हतं.

"साहेब," मी म्हणाले, "वाळूच्या पोत्यावर ठेवून बघू या का? हात टेकवून. म्हणजे माणसाचा हलणारा हात मध्ये येणार नाही. तिघांनी दहा-दहा."

हात टेकवला की उरतो तो डोळा. हे मला माहीत होतं, उस्तादांना माहीत होतं. साहेबांच्या लक्षात आलं होतं की नाही, मी सांगू शकत नाही.

उस्तादांनी मान वर केली. माझ्याकडे, खरं तर माझ्या आवाजाकडे बघितलं. "व्हय साहेब," ते म्हणाले. "करू उद्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी पोती रचली. नव्या गोळ्यांचं खोकं उघडलं, कालचं संपलं होतं. आधी साहेब, मग मी, मग उस्ताद. साहेबांच्या दहाही गोळ्या तळहाताखाली झाकतील इतक्या जवळ होत्या. माझ्याही. उस्तादांनी खूप वेळ घेतला. प्रत्येक गोळीआधी चष्मा वर सरकवायचे, मान जराशी तिरकी करायचे, मधलं सोडून कडेने बघतात तशी. मागच्या मातीच्या उंचवट्यावर धूळ उडत होती. दहापैकी तीन कागदाला लागल्या.

साहेब टेबलाकडे आले. त्यांनी गोळ्यांचं खोकं उचलून उस्तादांच्या हातात दिलं. आवाज अगदी साधा ठेवला. "उस्ताद, ह्याच्यावरचा लॉट नंबर तेवढा सांगा, अहवालात लिहायचाय."

उस्तादांनी खोकं डोळ्यांसमोर धरलं आणि घडाघड नंबर सांगितला.

माझ्या हातातलं पेन थांबलं. साहेबांनीही खोक्याकडे पाहिलं.

"उस्ताद," साहेब म्हणाले, "हा कालच्या खोक्याचा नंबर आहे."

वारा होता, टार्गेटचे कागद फडफडत होते. उस्तादांनी खोकं टेबलावर ठेवलं, चाचपडत नाही, अगदी व्यवस्थित, आणि पोत्यावर बसले. इतकी वर्षं साहेबांसमोर ते परवानगीशिवाय बसले नव्हते.

"किती दिवसांपासून?" साहेबांनी विचारलं.

"वरीस झालं आसंल. जास्तच. साखर हाय ना मला. डाक्टर म्हणला डोळ्याच्या पडद्यावर रगत उतरलंय. उजव्यानं मधलं दिसत न्हाय, डावाबी धुरकट झालाय. तुमच्याकडं बगतोय, पर तुमचं तोंड न्हाय दिसत, टोपी दिसती."

"इलाज नाही सांगितला?"

"मुंबैला मोठ्या दवाखान्यात लेसर का काय करत्यात. लगेच जा म्हणला व्हता. रजा टाकली तर कारण लिवावं लागतं, साहेब. कारण लिवलं की डाक्टरांच्या बोर्डापुढं उभं करत्यात. दोनच वर्सं ऱ्हायली व्हती. म्हणलं कोतातनंच जाऊ घरी."

साहेब चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "उस्ताद, तुम्ही भरलेली हत्यारं लोकांच्या हातात देत होतात." उस्ताद म्हणाले, "व्हय साहेब." आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "पोरी, पिस्तूल चांगलं हाय म्हणून लिव. त्याचा काय दोष न्हाय."

दोन दिवसांनी किल्ल्या माझ्याकडे आल्या. हत्यारं मोजून द्यायची होती. मी रांगेने नंबर वाचत गेले आणि ते प्रत्येक हत्यारावर हात ठेवत गेले. कुठल्या रिव्हॉल्व्हरच्या मुठीला चीर आहे, कुठल्याचं चक्र अडतं, कुठल्या रायफलीचा पट्टा सैल होतो, हे सांगत होते. नोंदवहीत असल्या गोष्टींना रकाना नसतो. मी मागच्या पानावर लिहून घेतल्या. शेवटी सहीची जागा मी बोटाने दाखवली तेव्हा त्यांनी माझं बोट बाजूला सारलं आणि स्वतः अंदाजाने सही केली. ओळीच्या बरीच वर गेली ती. मग टोपी घातली आणि निघून गेले. माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत.

त्यांची बदली मुख्यालयातल्याच बसून करायच्या कामावर झाली. आम्ही एकाच आवारात होतो, पण तीन-चार महिने ते माझ्या वाटेला आले नाहीत. मी समोरून नमस्कार केला की ते मान हलवायचे. आवाज ओळखून हलवतात की कोणालाही तशीच हलवतात, कळायचं नाही. कँटीनमध्ये काही जण मला ऐकू जाईल असं म्हणायचे की बाईने उस्तादाची खुर्ची काढून घेतली. मला स्वतःलाच कधीकधी तसं वाटायचं.

शेवटी एका रविवारी मी त्यांच्या घरी गेले. कामोठ्याला, तेव्हा तिथे नुकत्याच इमारती उभ्या राहत होत्या. पहिल्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर. त्यांना मूलबाळ नव्हतं. त्यांच्या बायकोने, काकूंनी, दार उघडलं. उस्ताद बाहेर फिरायला गेले होते, शेजारच्या कुणाच्या तरी हाताला धरून. मी बोंबील आणि सुकट नेली होती, ती काकूंनी घेतली आणि मला आत ओट्याजवळ पाटावर बसवलं.

"लेसर झालं का, काकू?"

"झालं की. दोनदा झालं. डावा राखला म्हणाले, उजवा गेला." त्या चहाचं आधण ठेवत होत्या. "उशीर केला म्हणाले डाक्टर. वरीसभर आधी आणला असता तर दोन्ही ऱ्हायले असते."

मी सुकटीच्या रिकाम्या पिशवीची घडी घातली.

"घरात मला काय बोलले न्हाईत कधी. मला वाटायचं, ताटातली आमटीची वाटी हातानं का हुडकत्यात. मी आपली वाटी रोज एकाच जागी ठेवाय लागले. म्हणलं, पुरुषमाणूस हाय, इचारलं तर राग यायचा." मग त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, अगदी शांतपणे. "तू तर दिवसभर त्येंच्या शेजारी असायचीस. तुला बी दिसलं आसंल की."

"दिसलं होतं, काकू."

"कवा?"

"वर्ष झालं असेल तेव्हा."

त्यांनी गॅस बारीक केला. आधणात चहाची पूड टाकली. मग म्हणाल्या, "म्हंजे दोघीबी गप ऱ्हायलो."

त्या एका वाक्यात त्यांनी मला स्वतःच्या शेजारी उभं केलं. माझ्यावर आरोप केला असता तर मी काहीतरी सांगितलं असतं. मी शिपाई, ते हवालदार. मी त्यांची शिकाऊ. कुठल्या तोंडाने सांगणार? पण त्यांनी आरोप केलाच नाही, त्यामुळे सांगायला काही उरलं नाही. तोपर्यंत मी स्वतःला विचारत होते की मी पोत्याची परीक्षा का सुचवली. खरं तर विचारायला हवं होतं की ज्या दिवशी तेल टेबलावर सांडलं त्या दिवशी मी फडकं का उचललं. तेव्हाच बोलले असते तर उस्ताद कोतातून वर्षभर आधी गेले असते, माझ्यावर चिडून गेले असते, आणि दोन्ही डोळे घेऊन गेले असते.

चहा पिऊन होईपर्यंत उस्ताद आले. काकूंनी त्यांना माझं नाव सांगितलं. ते खुर्चीत बसले, चप्पल काढली आणि म्हणाले, "सुकटीचा वास आला तवाच वळखलं." तेवढंच. मग कोताची चौकशी केली. चक्र अडणारं रिव्हॉल्व्हर कारखान्यात पाठवलं का, विचारलं. मी पाठवलं म्हणाले. आमचं बोलणं पुन्हा सुरू झालं ते असं, पण त्या सकाळबद्दल ते कधीच बोलले नाहीत आणि मीही विषय काढला नाही.

अहवाल मी लिहिला होता तसाच वर गेला. अचूकता उत्तम, चिखलात चालते, पडल्यावर सुटत नाही, लहान हातालाही पेलते. साफ करण्यापूर्वी दोघांनी तपासणं सक्तीचं करावं, ही उस्तादांची सूचना शेवटी. साहेबांनी सही केली. पिस्तुलं डब्यांत घालून परत गेली आणि पुढे बरीच वर्षं त्यांचं काही कळलं नाही. आमच्या लोकांच्या कमरेला तीच जुनी रिव्हॉल्व्हरं राहिली.

उस्ताद निवृत्त झाले आणि गावी गेले. निरोपाच्या दिवशी मला कोतातून तासाभराची सवड मिळाली नाही, की मी नीट मागितली नाही, आता आठवत नाही. पुढच्या वर्षी माझी बढती झाली तेव्हा एकदा दुपारी कोतातला फोन वाजला. एसटीडी बूथवरून होता.

"हवालदार झालीस म्हणं."

"तुम्हाला कोणी सांगितलं, उस्ताद?"

"कळतं मला. आईक, पोरं शिकवतीस का आता?"

"शिकवते."

"पोरींना शिकिव. त्यांना कोण शिकवत न्हाय." मग मागे कोणीतरी काहीतरी बोललं, ते म्हणाले, "बरं, ठिवतो," आणि फोन ठेवला. मी डोळे कसे आहेत ते विचारणार होते. विचारायच्या आतच ठेवला, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे त्यांनी मला पुरेसा वेळ दिला होता.

नव्वदीचं दशक संपता संपता ते गेले. झोपेतच, हृदय बंद पडून. बातमी मला उशिरा कळली. मी पोचले तेव्हा दहावा होऊन दोन दिवस झाले होते. घर गावाच्या कडेला, मागे ज्वारीचं शेत. काकू ओसरीत बसल्या होत्या. मला बघून उठल्या, हाताला धरून आत नेलं. डावा डोळाही शेवटच्या वर्षी मंदावला होता, त्या म्हणाल्या. तरी रोज सकाळी एकटे बांधापर्यंत जायचे, कुंपणाच्या काट्यांना काठी लावत. कोणी सोबत आलेलं चालायचं नाही.

"चिडायचे का?" मी विचारलं.

"न्हाय गं. गप झाले व्हते. त्या सकाळचं तेवढं एकदा बोलले." काकूंनी पदर सारखा केला. "म्हणाले, पोरीनं पोत्यावर हात टेकवायला लावला तवा बरं वाटलं. म्हणाले, मला खोटं बोलायचा कटाळा आला व्हता."

हे वाक्य त्यांनी खरंच म्हटलं होतं, की काकूंनी माझ्यासाठी तयार केलं होतं, ते मला आजही ठरवता येत नाही. काकू तशा होत्या, वाटी रोज एकाच जागी ठेवणाऱ्या.

दुपारी शेजारची एक म्हातारी भेटायला आली. मला न्याहाळून तिने काकूंना विचारलं, "ही कोण म्हणायची, वैनी? नात्यातली?"

काकू जरा थांबल्या. "त्येंच्या कामावरची हाय," त्या म्हणाल्या. मग उठून आत गेल्या आणि माझ्यासाठी भाकरी करायला घेतली. मी परातीजवळ जाऊन बसले. त्यांनी पीठ मळलं, मी तवा चुलीवर ठेवला. बाहेर म्हातारी कोणाशी तरी पावसापाण्याचं बोलत होती. एसटी चार वाजता होती. आम्हा दोघींनाही भूक नव्हती, तरी आम्ही भाकरी खाल्ली, अर्धी अर्धी.